दुसरी तार: केनेथ कोल आणि व्होल्टेज क्लॅम्पचं प्रकरण

एम.एस्सी.च्या वर्गात मज्जातंतूचा धडा घेताना फळ्यावर दोन नावं हमखास लिहिली जातात: हॉजकिन आणि हक्सले, मज्जातंतूतून संदेश कसा धावतो हे उलगडणारे केंब्रिजचे दोघे शास्त्रज्ञ. 1952 चे शोधनिबंध, 1963 चं नोबेल, सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. मग एखादी मुलगी विचारते, ‘सर, पण ही व्होल्टेज क्लॅम्पची युक्ती काढली कुणी?’ उत्तर द्यायला मला दरवेळी तास अपुरा पडतो. पेशीच्या पटलावरचं, म्हणजे तिच्या पातळ आवरणावरचं, विभव (व्होल्टेज) हव्या त्या आकड्यावर धरून ठेवायची ती युक्ती केनेथ स्ट्यूअर्ट कोल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची. 1947 च्या उन्हाळ्यात त्यांनी ती जिवंत मज्जातंतूवर चालवून दाखवली होती. मग त्या युक्तीतून निघालेलं उत्तर पाच वर्षांनी केंब्रिजहून का आलं? हे प्रकरण मला त्या प्रश्नासाठी मांडायचं आहे. कारण ‘नशीब’ किंवा ‘युद्ध’ असं एका शब्दात त्याचं उत्तर देणाऱ्यांनी कोल यांचं काम नीट वाचलेलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंड्यांपासून सुरुवात

कोल यांचा जन्म 1900 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाचा. वडील लॅटिन शिकवायचे, पुढे ओबर्लिन कॉलेजात डीन झाले. मुलाने ओबर्लिनहून 1922 मध्ये पदवी घेतली आणि 1926 मध्ये कॉर्नेलमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. जीवशास्त्राशी गाठ पडली ती उन्हाळी कामातून. क्लीव्हलँडला ह्यूगो फ्रिक यांच्याकडे आणि मग मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत.

फ्रिक यांनी 1925 मध्ये रक्तातल्या तांबड्या पेशींची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजली होती. दर चौरस सेंटिमीटरला 0.81 मायक्रोफॅरड. त्या आकड्यावरून पेशीच्या पटलाची जाडी त्यांनी काढली 3.3 नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पटल दिसायला अजून कित्येक वर्षं होती. म्हणजे ज्या वस्तूचं अस्तित्वही अनेकांना मान्य नव्हतं, तिची जाडी एका माणसाने निव्वळ विजेच्या मापावरून सांगितली आणि ती योग्य पट्ट्यात निघाली. एका तरुण भौतिकशास्त्रज्ञाला यापेक्षा मोठं आमंत्रण काय हवं?

कोल यांनी वुड्स होलला समुद्री साळूच्या अंड्यांवर तीच मोजणी केली. उत्तर पुन्हा तेवढंच, साधारण एक मायक्रोफॅरड. पुढे जी जी पेशी हाती आली तिचा आकडा याच्याच आसपास राहिला. पटल म्हणजे भार साठवणारा एक कपॅसिटर, त्याला समांतर जोडलेला, प्रवाह अडवणारा एक रोध, आणि ही जोडणी सगळ्या सजीवांत जवळपास सारखी. हे चित्र कोल यांच्या मनात तिशी गाठण्याआधीच पक्कं झालं होतं. लाइपझिगला पीटर डिबाय यांच्याकडे काही काळ काढून 1929 मध्ये ते कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. भाऊ रॉबर्ट यांच्याबरोबर 1941 मध्ये त्यांनी मांडलेलं, वारंवारतेनुसार पदार्थाचा विद्युत प्रतिसाद कसा बदलतो हे सांगणारं कोल-कोल समीकरण आज बॅटरीपासून मातीच्या ओलाव्यापर्यंत सगळीकडे वापरतात. जिममधलं चरबी मोजणारं यंत्र शरीरातून बारीक प्रवाह सोडतं, त्यामागचं गणितही याच घराण्यातलं.

हा भाग थोडा रेंगाळून सांगितला, कारण पुढच्या सगळ्याची गुरुकिल्ली इथे आहे. कोल यांच्यासाठी पटल हा परिपथाचा एक घटक होता. तो मोजायचा. त्यातून नेमकं कोण जातं-येतं हा प्रश्न त्यांच्या मनात नव्हता असं नाही, पण पहिला नव्हता.

माकुळाचा धागा

आपल्या कोकणात मिळतं ते माकूळ (स्क्विड) कधी स्वतः साफ करून बघा. वरचं नळीसारखं मांसल आवरण उभं चिरून उलगडलं की आतल्या बाजूला, दोन्हीकडे एकेक, चांदणीसारखी छोटी गाठ दिसते. तिच्यातून पांढुरके धागे पंख्यासारखे मांसात फाकलेले असतात. माकूळ धोका दिसताच हे आवरण झटक्यात आवळतं आणि पाण्याची पिचकारी मारून उलटं पळतं. सगळं मांस एकाच क्षणी आवळायचं, म्हणून लांबच्या भागाकडे जाणारा धागा जाड. कारण जाड धाग्यात संदेश वेगाने जातो. अटलांटिकच्या मोठ्या माकुळात त्यातला सर्वांत जाड अक्षतंतू, म्हणजे मज्जापेशीचा लांब धागा, अर्धा मिलिमीटर भरतो, कधी त्याहून जास्त. माणसाचे मज्जातंतू मिलिमीटरच्या शंभराव्या-हजाराव्या भागात मोजतात. इथे एका पेशीच्या आत चक्क तार घालता येते.

हे धागे मज्जातंतूच आहेत हे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी दाखवून दिलं आणि 1936 मध्ये ते कोल यांच्या कानावर घातलं. त्यानंतर कोल आणि त्यांचे सहकारी हॉवर्ड कर्टिस यांचे उन्हाळे वुड्स होलला माकुळांच्या हंगामावर बेतले जाऊ लागले.

1939 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग मला आजही या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. धागा दोन इलेक्ट्रोडच्या मधे ठेवायचा आणि उच्च वारंवारतेचा ब्रिज, म्हणजे रोध आणि धारकता मोजणारा परिपथ, त्याच्यावर संतुलित करायचा. ब्रिज संतुलित झाला की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर फक्त एक बारीक आडवी रेषा उरते. आता धाग्याच्या टोकाला टिचकी द्यायची. आवेग, म्हणजे मज्जातंतूतला विजेचा संदेश, धावत येतो, इलेक्ट्रोडखालून जातो, आणि त्या क्षणी ती रेषा फुगते, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. काही मिलिसेकंदांत पुन्हा बारीक. त्याच चित्रावर आवेगाच्या विभवाचा आलेख चढवला की दिसतं, विभव आधी उचलायला लागतं आणि फुगवटा किंचित मागाहून येतो.

आकड्यांत सांगायचं तर विश्रांत पटलाचा रोध चौरस सेंटिमीटरला सुमारे 1000 ओहम. आवेग जाताना तो 25 ओहमवर येतो, म्हणजे वाहकता 40 पट. आणि धारकता? ती जेमतेम दोन टक्क्यांनी बदलते. याचा अर्थ पटल फाटत नाही, विरघळत नाही. त्याची भिंत जशीच्या तशी उभी असते आणि तिच्यातला अगदी थोडा भाग उघडतो. आज आपण ज्यांना आयन चॅनेल (आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, वाट देणारी पटलातली दारं) म्हणतो त्यांच्यासाठी जागा या दोन टक्क्यांनी करून ठेवली होती. चॅनेल हा शब्द रुळायला अजून बराच काळ होता.

मात्र याच निकालाने एक फसगतही केली. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ युलियस बर्नस्टाइन यांचं 1902 सालचं मत होतं की आवेगाच्या वेळी पटल सगळ्याच आयनांना वाट देतं आणि आतबाहेरचं विभव शून्यावर येतं. रोध कोसळला, म्हणजे बर्नस्टाइन बरोबर, असं वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात ऑगस्ट 1939 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या प्लिमथला अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी माकुळाच्या धाग्यात आतून इलेक्ट्रोड घातला आणि विभव शून्यावर न थांबता सुमारे 40 मिलिव्होल्ट पलीकडे गेलेलं पाहिलं. हॉजकिन आदल्याच उन्हाळ्यात वुड्स होलला येऊन कोल आणि कर्टिस यांच्यासोबत काम करून गेले होते. कर्टिस आणि कोल यांनीही 1940 मध्ये आतून मोजमापं घेतली. शून्य ओलांडलं जातं हे दोन्ही किनाऱ्यांना कळलं होतं. का ओलांडलं जातं, हे कुणालाच नाही.

आणि युद्ध सुरू झालं. हॉजकिन रडारकडे गेले. कोल शिकागोच्या मेटलर्जिकल लॅबोरेटरीत, म्हणजे अणुबॉम्बच्या प्रकल्पात, किरणोत्साराच्या जैविक परिणामांचं काम बघू लागले. माकुळं सुटली.

1947 चा उन्हाळा

युद्धानंतर कोल शिकागो विद्यापीठात जीवभौतिकीचे प्राध्यापक झाले आणि जॉर्ज मार्मोंट या सहकाऱ्यासह पुन्हा वुड्स होलला आले. अडचण अशी होती. मज्जातंतू उत्तेजित झाला की विभव बदलतं. विभव बदललं की पटलाची वाहकता बदलते. वाहकता बदलली की विभव आणखी बदलतं. हे चक्र एका मिलिसेकंदात पेट घेऊन विझतं. शिवाय आवेग धाग्यावरून पळत असतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळी वेळ, वेगळं विभव. काय कशामुळे झालं हे वेगळं काढायला जागाच नाही.

पहिली गाठ मार्मोंट यांच्या इलेक्ट्रोडने सोडवली. धाग्याच्या पोटातून लांबवर एक तार ओवली की तेवढा सगळा तुकडा आतून एकाच विभवावर राहतो, आवेगाचं पळणं बंद होतं. दुसरी गाठ कोल यांनी सोडवली. विभव मोकळं सोडायचंच नाही. इलेक्ट्रॉनिक फीडबॅकने ते आपल्याला हव्या त्या आकड्यावर खिळवून ठेवायचं.

मुलांना मी हे तराजूने समजावतो. एका पारड्याला कुणी अदृश्य हात दाबतो आहे. तुम्ही दुसऱ्या पारड्यात क्षणाक्षणाला वजनं घालत-काढत काटा मधोमध ठेवता. काटा हलत नाही, पण तुम्ही किती वजन घातलं यावरून तो हात किती जोराने दाबत होता ते कळतं. व्होल्टेज क्लॅम्पमध्ये काटा म्हणजे विभव, आणि घातलेलं वजन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरने ओतलेला प्रवाह. पटलातून जेवढा प्रवाह जातो तेवढाच यंत्र भरून काढतं आणि तोच आपण नोंदतो. पेट घेणारं चक्र असं मधेच धरून ठेवलं की त्याचा एकेक टप्पा निवांत बघता येतो.

मार्मोंट यांना प्रवाह धरून ठेवण्यात जास्त रस होता. विभव धरण्याचा आग्रह कोल यांचा, आणि तो भौतिकशास्त्रातून आलेला. ज्या वस्तूचा रोध एका पट्ट्यात उलट्या दिशेने वागतो, तिच्यात प्रवाह ठरवून दिला तर ती एका अवस्थेतून दुसरीत उडी मारते; विभव ठरवून दिलं तर प्रत्येक विभवाला एकच प्रवाह मिळतो आणि पूर्ण वक्र हाती येतो. कोल यांनी तो वक्र मिळवला. विभव अचानक वर नेऊन धरलं की आधी आत जाणारा प्रवाह, क्षणभराने तो उलटून बाहेर येणारा प्रवाह. आजही पाठ्यपुस्तकात हीच आकृती असते.

हे काम त्यांनी 1949 मध्ये पॅरिसच्या परिषदेत मांडलं. त्याआधी, 1948 मध्ये, हॉजकिन शिकागोला आले तेव्हा कोल यांनी त्यांना सगळं मोकळेपणाने दाखवलं होतं.

कुठे काय कमी पडलं

आता मूळ प्रश्न. माझ्या मते तीन गोष्टी होत्या आणि त्यांचं वजन सारखं नाही.

पहिली तारेची. कोल यांच्या रचनेत आत एकच तार होती. तिच्यातूनच प्रवाह सोडायचा आणि तिच्यावरच विभव वाचायचं. धातू आणि द्राव यांच्या सीमेवरून प्रवाह गेला की तिथे स्वतःचं एक वेगळं विभव साचतं. मग वाचलेला आकडा पटलाचा की तारेच्या पृष्ठभागाचा? भौतिकशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याने फोर-प्रोबचा प्रयोग केलेला असतो: प्रवाहाची टोकं वेगळी, मापनाची वेगळी, नाहीतर संपर्कातला रोध मापात मिसळतो. हॉजकिन आणि हक्सले यांनी नेमकं हेच केलं. काचेच्या बारीक सळईवर चांदीच्या दोन तारा गुंडाळल्या, एक प्रवाहाला आणि एक विभवाला. इतकी छोटी सुधारणा, पण तिच्यामुळे त्यांचे आकडे समीकरणात बसवण्याइतके विश्वासाचे झाले. रोधमापनात हयात घातलेल्या कोल यांच्या हातून ही दुसरी तार राहिली, याची मला खरोखर हळहळ वाटते.

दुसरी गोष्ट वेळेची. कोल 1949 मध्ये बेथेस्डाच्या नौदल वैद्यकीय संशोधन संस्थेचे तांत्रिक संचालक झाले. त्याच उन्हाळ्यात प्लिमथला हॉजकिन आणि हक्सले माकुळांवर बसून होते. 1952 च्या निबंधांतली मुख्य मोजमापं त्या हंगामातली आहेत. हे कारण लोक पटकन सांगतात. मला ते दुय्यम वाटतं, कारण कोल यांच्या नोंदी 1947 च्याच होत्या. त्या वाचायला वेळ होता.

तिसरी गोष्ट प्रश्नाची, आणि माझ्या दृष्टीने निर्णायक तीच. हॉजकिन शरीरक्रियाशास्त्रातून आलेले. विभव शून्याच्या पलीकडे का जातं हा काटा त्यांना 1939 पासून टोचत होता. 1947 मध्ये, कोल वुड्स होलला क्लॅम्प चालवत होते त्याच उन्हाळ्यात, हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ प्लिमथला समुद्राच्या पाण्यातलं सोडियम कमी करून बघत होते. सोडियम कमी केलं की आवेगाची उंची कमी होत गेली. म्हणजे उत्तेजित पटल सगळ्यांना नव्हे, सोडियमला वाट देतं. हा प्रश्न खिशात घेऊन ते क्लॅम्पपाशी आले. म्हणून धाग्याभोवतीच्या पाण्यातून सोडियम काढून तोच प्रयोग पुन्हा करायचं त्यांना सुचलं. आत जाणारा प्रवाह नाहीसा झाला, बाहेर येणारा उरला. पहिल्या नोंदीतून दुसरी वजा केली की सोडियमचा प्रवाह वेगळा, पोटॅशियमचा वेगळा.

कोल यांच्या कागदावर दोन्ही प्रवाह होते. त्यांना नावं नव्हती. त्यांनी वक्र पाहिला तो एका विलक्षण घटकाचा वक्र म्हणून, आणि तो तसा पूर्ण होता. ज्या दृष्टीने त्यांना क्लॅम्पची कल्पना सुचली, त्याच दृष्टीने त्यांना वक्राशी थांबवलं. त्यांच्यात उणीव होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पटलाकडे परिपथ म्हणून बघणारा माणूस नसता तर विभव धरून ठेवायचं कुणाला सुचलं असतं?

1952 च्या निबंधांत या पद्धतीचं श्रेय कोल आणि मार्मोंट यांना स्वच्छ शब्दांत दिलेलं आहे. नोबेल 1963 मध्ये हॉजकिन, हक्सले आणि जॉन एक्लिस यांना मिळालं. कोल यांना 1967 मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं.

1952 नंतरची वर्षं

बहुतेक ठिकाणी कोल यांची गोष्ट इथे संपवतात आणि तिथेच मोठी चूक होते. 1954 मध्ये बेथेस्डालाच, राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, त्यांच्याकडे जीवभौतिकी प्रयोगशाळा आली. ज्या सिद्धांताने त्यांना मागे टाकलं असं म्हणतात, तोच तपासायचं काम त्यांनी हाती घेतलं.

हक्सले यांनी आवेगाचं वर्णन करणारी 1952 ची समीकरणं सोडवली होती ती हाताने दांडी फिरवायच्या ब्रुन्सव्हिगा यंत्रावर, कारण केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता. काही मिलिसेकंदांच्या आवेगासाठी तासन् तास दांडी फिरवावी लागे. कोल यांनी तीच समीकरणं वॉशिंग्टनच्या मानक ब्यूरोमधल्या सीॲक या संगणकावर घातली आणि 1955 मध्ये निकाल छापला: उत्तेजनाला काटेकोर उंबरठा आहे, त्याच्या अलीकडे काही नाही, पलीकडे पूर्ण आवेग. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड फिट्झह्यू यांनी गणित पुन्हा तपासलं तेव्हा त्यात चूक सापडली. समीकरणांत काटेकोर उंबरठा नाही, फक्त फार तीव्र चढ आहे. अंतोसिएविच या आधीच्याच सहलेखकाबरोबर फिट्झह्यू यांनी 1959 मध्ये दुरुस्ती छापली. प्रमुखाच्या निबंधातली चूक त्याच्याच प्रयोगशाळेतला माणूस नावानिशी छापतो. कोल यांची प्रयोगशाळा कशी होती हे सांगायला मला एवढं पुरेसं वाटतं.

1960 मध्ये जॉन मूर यांच्यासह त्यांनी पोटॅशियमच्या प्रवाहावर निबंध लिहिला. धागा आधी जितका खोल ऋण विभवावर ठेवला, तितका पोटॅशियमचा प्रवाह उशिराने सुरू होतो. हॉजकिन-हक्सले समीकरणातला चौथा घात तिथे पुरत नाही. नोंदी जुळवायला थेट पंचविसावा घात घ्यावा लागला. पोटॅशियम चॅनेल उघडण्याआधी किती पायऱ्या चढतो, या आजच्या प्रश्नाची ही सुरुवात, आणि चॅनेलवर काम करणारे लोक आजही तिला ‘कोल-मूर परिणाम’ म्हणतात. त्याच वर्षी टेलर आणि मूर यांच्यासोबतचा आणखी एक निबंध आला, क्लॅम्पच्या मोजमापांतल्या चुकांवर. धाग्याचा तुकडा सगळीकडे सारखा धरला गेला नाही तर नोंदीत खोटे खड्डे दिसतात, याची ती चिकित्सा होती. स्वतःच्या यंत्रावर इतका बारीक संशय घेणारं लेखन मी फार कमी वाचलं आहे.

आणि उंबरठ्याचं काय झालं? फिट्झह्यू यांचं म्हणणं समीकरणांबद्दल होतं. खऱ्या धाग्यात ते दिसतं का, हे कुणी दाखवलेलं नव्हतं. कोल यांनी रीटा गुटमन आणि तरुण फ्रान्सिस्को बेझानिया यांना बरोबर घेतलं, माकुळाचा धागा काढला आणि त्याचं तापमान वाढवत नेलं. धागा गरम होत गेला तसा ‘सगळं किंवा काहीच नाही’ हा नियम सैल पडला: थोडं उत्तेजन दिलं की लहान आवेग, जास्त दिलं की मोठा, मधल्या सगळ्या उंच्यांसह. 1970 मध्ये निबंध छापून आला तेव्हा कोल यांनी सत्तरी गाठली होती. निबंधाचा विषय शीर्षकातच होता: उंबरठ्याविना मज्जापटलाचं उत्तेजन.